आईचा मालवणी मसाला

माझी आई जळगावकडची. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो लग्न होऊन लालबागला आल्यावर. तरी मीरा रोडच्या शांती नगरातल्या निम्म्या बायका तिला ‘मालवणी मसालेवाल्या काकू’ म्हणायच्या, आणि त्यात माझा हात होता.

नव्वदच्या आसपास आम्ही लालबागची खोली सोडून मीरा रोडला आलो. दिवसभर नव्या घरात आईचा वेळ जाईना, म्हणून ती मसाला करून विकायला लागली. तिचा मसाला काळा. सुकं खोबरं, दगडफूल, लवंग ती पार काळपट होईस्तोवर भाजायची. मापबीप काही नाही, आजीने हाताला लावलेला अंदाज.

खालच्या गुजराती दुकानदाराने दहा पुड्या ठेवून घेतल्या आणि महिन्याने नऊ परत केल्या. “भाभी, काला देख के पब्लिक बोलता है, जल गया. इधर मालवणी चलता है. लाल बनाओ, मालवणी लिखो.”

आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “मी कुठली मालवणी? खोटं कशाला लिहायचं?”

मी तेव्हा दहावीत, अंगात शिष्टपणा ठासून भरलेला. “आई, लोकांना कुठे काय कळतंय!” म्हणत मी लेबल काढायलाच बसले. नारळाचं झाड, होडी, नऊवारीतली बाई. नया नगरातल्या एका प्रेसमधून ते छापूनही आणलं. त्या झाडाचा मला केवढा अभिमान होता! आज लाज वाटते.

समोरच्या बिल्डिंगमधल्या खऱ्या मालवणी बाईंनी प्रमाण सांगितलं, बेडगी मिरची इतकी, धणे इतके. पुड्या हातोहात खपायला लागल्या. कुणी विचारलं, “मालवणात कुठलं गाव तुमचं?” की आधी आई गोरीमोरी व्हायची. मग नुसतं हसायला शिकली. घरासाठी वेगळा मसाला करायला वेळ कुणाला होता? भाजीत, आमटीत तोच लाल पडायला लागला. आम्ही तक्रार केली नाही, कारण आमच्या ते लक्षातच आलं नाही.

सहा-सात वर्षांनी मामा आला. आजी जाऊन वर्ष झालं होतं. आईने हौसेने शेवभाजी केली. मामा बोटं चाटत जेवला आणि आपल्या अहिराणीत सहज म्हणाला, “चांगलं शे, ताई. पन आपलं नही शे.”

मामा गेल्यावर आईने कढई चढवली. तीन दिवस ती भाजत होती. एकदा मसाला कडू झाला, एकदा लवंगच पुढे आली, तिसऱ्यांदा काय चुकतंय हे तिला स्वतःलाच सांगता येईना. विचारायला आजी नव्हती. मामीही हल्ली बाजारचाच मसाला आणते, असं मामा सांगून गेला होता. मी नुसती दारात उभी राहून बघत होते.

चौथ्या दिवशी तिने तळहातावर चिमूटभर मसाला माझ्यापुढे धरला. “तू लहानपणी खाल्लायस ना. असाच लागायचा का गं?”

मी चाखला. डोळे मिटून खूप शोधलं. लालबागचा ओटा आठवला, मसाल्याचा डबा आठवला, चव काही केल्या आठवेना. तिचा हात तसाच पुढे होता.

“हो आई, अगदी असाच.”

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. लगबगीने कागद शोधला आणि मामाला पाठवायला त्याच मसाल्याची पुडी बांधायला बसली. मला तिला थांबवता आलं नाही.