बरी होईपर्यंत कोण थांबतंय!

आमच्या भिंगरीची कंबर दुखते, हे आता सगळ्या गल्लीला पाठ झालंय. कंबर तिची एकटीची, पण तिच्यावर हक्क सांगणारे शंभर. दूधवाला म्हणतो गरम पाण्यानं शेक. समोरची बाई म्हणते पालथी झोप, तिच्या शेजारची म्हणते पालथी अजिबात झोपू नकोस. कोपऱ्यावरच्या एका काकांनी तर तिला थांबवून सांगितलं, "या वयात कसली गं कंबर दुखते? आमच्या वेळी नव्हतं असलं काही." मी मागेच उभी होते. म्हटलं, "का हो, तुमच्या वेळी कंबर नव्हती का?" तेव्हापासून ते मला बघितलं की रस्ता ओलांडतात. बरं झालं, पीडा टळली.

मी तिची आत्या. शाळेची व्हॅन चालवते. मागे अठरा पोरं एकदम बोलत असतात, त्यामुळे माझा आवाज मोठा आहे, आणि आवाजाबरोबर तोंडही सुटलंय. भिंगरी माझ्या थोरल्या भावाची मुलगी. खरं नाव वेगळं, पण चालायला लागली तीच गोल गोल फिरत, म्हणून भिंगरी. आता बावीस वर्षांची आहे. चष्म्याच्या दुकानात काम करते. काचेची कड घासायची, फ्रेमच्या खाचेत बसवायची, गिऱ्हाइकाच्या कानामागं दांडी दुखते का बघायचं. दुकान सुटलं की स्केटबोर्ड. आम्ही घरात त्याला फळीच म्हणतो. पुलाखाली सिमेंटचा एक मोठा गोल खड्डा मुद्दाम बांधलेला आहे. तिथं ही मुलं फळीवर उभी राहून भिंतीवर चढतात नि उतरतात. भिंगरी शाळेत असल्यापासून तिथं जाते. पडली, गुडघे फुटले, एकदा मनगट मोडलं, पण गेली नाही असा आठवडा नाही.

दुखणं सुरू झालं दोन वर्षांपूर्वी. पडून वगैरे नाही, एका सकाळी उठली ती ताठ. आम्हाला वाटलं, वेडीवाकडी झोपली असेल. मग रोजच तसं व्हायला लागलं. पलंगावरून उठायचं तर आधी पलंगाची कड, मग टेबल, मग दार, असं एकेकाला धरत यायची. दुपारी अंग सुटायचं आणि संध्याकाळी खड्ड्यात गेली की पुन्हा जुनी भिंगरी. तिथल्या कुणाला पत्ताच नव्हता. कारण ही मुलं फळी उचलायला वाकतच नाहीत. मागच्या टोकावर पाय आपटला की फळी उडून हातात येते. सगळी संध्याकाळ न वाकता निघते. घरी मात्र साधा चमचा खाली पडला तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते दिसू नये म्हणून ती चमच्यालाच शिव्या घालायची.

लपवून किती दिवस लपणार? दादाच्या लक्षात आलं. आमचा दादा लिफ्ट दुरुस्त करणारा. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट त्याला नावानिशी ओळखतात. त्याचा एक नियम आहे: बारीकसा जरी आवाज आला तरी लिफ्ट बंद. दारावर पाटी लावायची, आणि बिघाड पूर्ण निघाल्याशिवाय कुणाच्या बापाला आत पाऊल ठेवू द्यायचं नाही. लोक ओरडतात, आजीबाई जिना चढताना शिव्याशाप देतात, हा ढिम्म हलत नाही. आणि बरोबरच आहे त्याचं. लिफ्टच्या बाबतीत.

त्यानं पोरीलाही तीच पाटी लावली. फळी उचलून कपाटावर ठेवली, तीही मागं, भिंतीला लावून. म्हणाला, "बरी झालीस की घे."

चोर सोडून संन्याशाला फाशी! पण तेव्हा आम्हाला तरी कुठं माहीत होतं? सगळ्यांना वाटलं, फळीमुळंच झालं. मग सुरू झाली विश्रांती. कडक गादी आली, पट्टा आला, तेल आलं. दुकानातून सुटली की सरळ घरी आणि घरी आली की आडवी. मैत्रिणी सहलीला निघाल्या, "बरी झालीस की जा." दुसऱ्या दुकानात चांगली जागा आली, "बरी झालीस की बघू." वहिनी मायेनं म्हणायची, "दुखणं हत्तीच्या पावलानं येतं नि मुंगीच्या पावलानं जातं, बाळा, धीर धर." पोरीनं धीर धरला की हो! सहा महिने धरला. आणि दुखणं? आगीतून फुफाट्यात. पूर्वी सकाळीच ताठ असायची, आता दिवसभर. चेहरा असा झाला की मला बघवेना. मी व्हॅन घेऊन तिच्या दुकानावरून जायची तेव्हा काचेतून दिसायची, एक हात कमरेवर नि दुसऱ्या हातात कुणाचा तरी चष्मा. हसत नव्हती. भिंगरी हसत नाही म्हणजे काय, हे ज्यानं तिला ओळखलंय त्यालाच कळेल.

शेवटी मीच सांध्यांच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली आणि बाप-लेकीला व्हॅनमध्ये कोंबलं. बाई तरुण, बोलणं भरभर. रक्त तपासलं, मणक्यांचे फोटो काढले. दुसऱ्या खेपेला फोटो उजेडासमोर धरून म्हणाल्या, "शरीराची राखण करणारी जी यंत्रणा असते, तीच हिच्या सांध्यांवर उलटलीय. पाठीच्या खालच्या सांध्यांना सूज आहे."

मी म्हटलं, "म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं."

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या. "आणि हे पडण्यामुळं झालेलं नाही. पडून राहिल्यामुळं वाढलंय मात्र. औषध देते, पण या दुखण्यात अंग हलतं ठेवायलाच हवं."

दादानं घसा खाकरला. "बरी कधी होईल?"

"सांभाळता येईल. चांगलं सांभाळता येईल. पण पूर्ण जाणार नाही. चांगले दिवस असतील, वाईट दिवस असतील."

"नाही, पण पूर्ण बरी कधी?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नाही होणार."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. मोडलेलं काहीही दुरुस्त करून दाखवणारा माझा भाऊ, हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला. आणि तेवढ्यात ही कार्टी हसली. खरंखुरं, आवाज करून. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"बाबा," ती म्हणाली, "मग आपण वाट कशाची बघतोय?"

ती डॉक्टरबाईंकडं वळली. "स्केटबोर्डवर उभी राहू का?"

"उंचावरून उड्या नको. पाठीवर आपटलीस तर महागात पडेल."

"आणि उड्या न मारता? नुसती भिंत चढून वळायचं?"

"आधी महिनाभर औषध आणि व्यायाम. मग हळूहळू. डोक्यावर हेल्मेट, आणि दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं तर लगेच थांबायचं."

"चालेल," भिंगरी म्हणाली. मंडईत भाजीचा भाव पटल्यासारखं.

महिना गेला. व्यायाम तिनं एक दिवस चुकवला नाही. दात-ओठ खात, त्या व्यायामाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, पण केला. औषधानं फरक पडला. चमचा उचलायला लागली, अर्थात कुरकुरतच. एका रविवारी सकाळी स्टूल ओढलं नि कपाटापाशी लावलं. दादा पेपर वाचत होता.

"काय चाललंय?"

"फळी घेते."

"बरी झालीस का?"

"नाही. आज दुखतंयसुद्धा."

"मग खाली उतर." दादा उठला. "अगं, काहीतरी बिघडलंय हे माहीत असताना चालू कसं करायचं? जबाबदारी कुणाची?"

"बाबा, मी लिफ्ट नाही!" असली ओरडली की शेजारचं दार उघडून पुन्हा मिटलं. "लिफ्टला काय, चार महिने बंद राहिली तरी तिचं काही जात नाही. माझं जातंय. सगळं जातंय. हे दुखणं माझ्याबरोबर म्हातारं होणार आहे. मी त्याला घेऊन जगणार आहे, त्याच्या परवानगीनं नाही!"

"माझ्या डोळ्यांदेखत मी हे होऊ देणार नाही."

"मग डोळे मिटा."

असं कुणी दादाशी बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही, आणि माझं तोंड तुम्ही ऐकताय. वहिनी स्वयंपाकघरातून आली. वाटलं, आता पोरीला झापते. तिनं स्टुलाचा एक हलणारा पाय धरला, घट्ट, आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "घे तू. मी धरलंय."

संध्याकाळी मी व्हॅन काढली. भिंगरी पुढं बसली. मागचं दार सरकल्याचा आवाज आला. बघते तर दादा, पोरांच्या बुटक्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून. मी त्याला डिवचलं नाही. माझ्यासाठी हे केवढं अवघड, ते माझं मला ठाऊक.

खड्ड्याच्या काठावर पंधरावीस मुलं होती. भिंगरीनं त्यांना आल्या आल्या सगळं सांगून टाकलं, पाठीचं काय आहे, काय करणार, काय नाही करणार. "कुणी तोंड पाडून बघितलं तर फळी डोक्यात घालीन," हेही सांगितलं. मग उतरली. साधं जायचं, भिंत चढायची, वरच्या कडेपाशी वळायचं नि परत. फळी कपाटावर जायच्या आधी हे ती गप्पा मारत करायची. पहिल्यांदा वळलीच नाही, तशीच मागं घसरत आली. दुसऱ्यांदा फळी एकीकडे नि ही एकीकडे. कुशीवर पडली. दादा उठून कठड्यावर पाय टाकणार, तेवढ्यात तिनं खालूनच, मान न वळवता, हात वर केला. थांबा. मग उठली. आधी कोपर, मग गुडघा, मग दुसरा. तेवढा वेळ दादानं माझं मनगट असं आवळलं होतं की वळ उठले.

तिसऱ्यांदाही फसलं. चौथ्यांदा ती भिंत चढली, कडेपाशी क्षणभर थांबल्यागत झाली, वळली आणि उतरली, उभीच्या उभी. आणि काय सांगू, त्या पंधरावीस कार्ट्यांनी आपापल्या फळ्या सिमेंटवर आपटायला सुरुवात केली! धाड धाड धाड. माझं डोकंच फिरलं. "लाज नाही वाटत? आजारी पोरीची टिंगल करता? गप्प बसा, नाहीतर एकेकाच्या आईला गाठते!" सगळी चिडीचूप झाली. एक लांब केसांचा पोरगा भीत भीत म्हणाला, "काकू, आम्ही असंच करतो. टाळ्यांच्या ऐवजी."

"मग थांबलात कशाला?" मी म्हटलं. "आपटा की!"

घरी आल्यावर दादा जेवला नि सरळ झोपायला गेला. मला वाटलं, उद्या काय ते कळेल. कारण उद्याची सकाळ कशी असणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तशीच आली. वाईटातली वाईट. मी खालच्या मजल्यावर राहते. चहाला वर गेले, तर भिंगरी पलंगाच्या कडेवर बसलेली, मूठ गादीत रुतलेली, कपाळावर घाम. वहिनी दारात. दादा लेकीसमोर उभा. आता तो शब्द येणार, सांगितलं होतं ना, असं धरून मी कंबर कसून तयार राहिले.

"हे कालचं नाही," भिंगरी दातांतून म्हणाली. "हे रोजचं आहे."

"माहीतेय," दादा म्हणाला. खाली बसला. तिचा एक पाय मांडीवर घेतला, मोजा चढवला, मग दुसरा. पायाला हात लागला तशी तिनं ओठ चावला. त्यानं बूट जवळ ओढला, नाडी सैल केली, आणि नाडीकडंच बघत विचारलं, "आज खड्ड्यावर किती वाजता जायचंय?"

पोरीच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण आवाज कसा खणखणीत.

"साडेपाचला. आणि उशीर करू नका, बाबा. मी थांबणार नाही."