अठ्ठावीस आट्यांची सळई

मार्नी उद्या पहाटे पाचला इंजिन चालू करणार आहे. अकरा वाजत आले, आणि मला चैन पडत नाहीये. तिने सगळं मन लावून केलंय. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासलीये. एकच गोष्ट तपासलेली नाही, आणि ती तिच्या हातात मी ठेवली.

मार्नी माझी थोरली. एकतीस वर्षांची. हिवाळाभर काउंटीचे बर्फ काढायचे ट्रक दुरुस्त करते आणि एप्रिलपासून दर शनिवारी जत्रेच्या मैदानातल्या मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवते. गाडीतलं इंजिन भंगारातल्या पिकअपचं, आठ सिलिंडरचं. ते तिने स्वतः उचकटून काढलं, तेव्हा गुडघाभर बर्फ होता.

नऊ वर्षांची असताना तिने गवत कापायच्या यंत्राचा कार्ब्युरेटर माझ्या इस्त्री केलेल्या टेबलक्लॉथवर उघडला होता. व्हर्लिन, म्हणजे तिचा बाप, ओरडला नाही. म्हणाला, "आता परत जोड." जोडला, तर एक स्प्रिंग उरली. ती मुठीत धरून पोरगी जेवणाच्या टेबलाशी बसली आणि घासाला हात लावेना. शेवटी दोघं कंदील घेऊन परत गॅरेजमध्ये गेले. मका थंड झाला, स्प्रिंग जागेवर बसली.

व्हर्लिनने तीस वर्षं आमच्या भागातल्या अर्ध्या गाड्यांची इंजिनं बांधली. त्याचं सगळं बोटांत. कॅमशाफ्ट फिरला की लिफ्टर वर उचलला जातो, लिफ्टर पुशरॉडला ढकलतो, आणि ती बारीक सळई रॉकर हलवून व्हॉल्व्ह उघडते. व्हर्लिन ती सळई चिमटीत धरून फिरवायचा, जरा जड लागली की नटाला अर्धा पीळ आणखी. झालं काम. पण ते जुन्या इंजिनांचं. या इंजिनात नट कमी-जास्त करायची सोयच नाही. बोल्ट आवळला की तो शेवटाला जाऊन थांबतो. मग लिफ्टरच्या पोटातला दट्ट्या किती दाबला जाणार, हे फक्त सळईची लांबी ठरवते. थोडा दाब हवाच. कमी पडला तर इंजिन टकटकतं. फार झाला तर दट्ट्या तळाला टेकतो आणि व्हॉल्व्ह नीट मिटतच नाही.

दोन वर्षांपूर्वी बापलेकीने कॅमशाफ्ट, म्हणजे कॅम, बदलला आणि सळ्या जुन्याच घातल्या. मागच्या ऑगस्टमध्ये मार्नी नऊ फेऱ्या सगळ्यांच्या पुढे होती. दहाव्या फेरीला एक सळई जागेवरून उडाली. व्हर्लिन म्हणाला, लिफ्टर खराब निघाला.

यंदा तिने पुन्हा नवा कॅम आणला. मार्चमध्ये गॅरेजमध्ये त्यावरून जे झालं ते मी दारातून ऐकलं.

"जुन्याच सळ्या घाल, पोरी. सगळे तेच करतात."

"सगळ्यांची इंजिनं टकटकतात, डॅड."

"टकटकतंय म्हणजे जिवंत आहे."

"ऑगस्टमध्ये होतं तसं जिवंत?"

व्हर्लिनने पाना खाली ठेवला. "या कॅमची पाठ बनवतानाच जास्त घासलीये, हे मला दिसतंय. लिफ्टर खाली बसणार, सळई तोकडी पडणार. पण किती? केसभर!"

"केसभर म्हणजे किती?"

"तीस वर्षं या बोटांनी..."

"बोटं नकोत मला. आकडा हवाय."

"मग बोटांच्या गॅरेजात उभी कशाला आहेस?"

तासाभरात तिने इंजिन ट्रेलरवर चढवलं आणि गावाबाहेरच्या भाड्याच्या शेडमध्ये नेलं. तेवीस दिवस झाले. चर्चमध्ये दोघं एकाच बाकावर बसतात, मध्ये मी.

दोन आठवड्यांपूर्वी तिचा मला फोन आला. "मॉम, डॅडच्या दुसऱ्या खणात मोजायची सळई आहे. लांबी कमी-जास्त होते ती. मिळेल?"

मी व्हर्लिनला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला नसता, पण बोलला असता, आणि मला ते बोलणं नको होतं. मी सळई नॅपकिनमध्ये गुंडाळली, चार पोर्क सँडविच घेतली आणि गेले.

तिचं मोजणं मी तिथे बसून पाहिलं. एकेक सिलिंडर घ्यायची, प्रत्येकाचे दोन व्हॉल्व्ह. कॅमची गोल पाठ लिफ्टरखाली येईपर्यंत इंजिन हाताने फिरवायची. मग रॉकर आवळून ती सळई आट्याआट्याने लांबवत न्यायची, वर-खाली हलणं थांबेपर्यंत. दाबायची नाही, फक्त टेकवायची. फिरवून बघायचं नाही, असंही म्हणाली. तेलाच्या बोटांना काही कळत नाही म्हणे. मग मला सांगायची, "लिही. पाच फेरे." मी सँडविचच्या कागदावर लिहायचे. असं सोळा वेळा, आणि सोळाही वेळा पाचच.

"एकदा मोजून नाही का भागत?" मी विचारलं.

"मॉम, तू शाळेत नर्स होतीस ना? एका पोराला ताप नाही, म्हणजे अख्खा वर्ग बरा?"

मी हसले. तीही हसली, बऱ्याच दिवसांनी. तिचा कॅलिपर, म्हणजे मापायचा चिमटा, सहा इंची, सळई सात इंचांच्या वर, म्हणून ती फेरे मोजत होती. मिटलेल्या सळईवर व्हर्लिनने सात इंच दोनशे थाऊ असं खरवडून ठेवलंय. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एका फेऱ्याला पन्नास थाऊ, पाच फेऱ्यांना अडीचशे, वर दट्ट्याच्या दाबाचे पन्नास. बेरीज सात इंच पाचशे. तिने लगेच सोळा सळ्या मागवल्या. मंगळवारी पार्सल आमच्याच पत्त्यावर आलं, मीच नेऊन दिलं.

आज जेवण झाल्यावर व्हर्लिनने दुसरा खण उपसला.

"माझी मोजायची सळई कुठाय?"

"मार्नीकडे. मी दिली."

"तू? मला न सांगता?" पण आवाजात राग नव्हता. "किती लांबीच्या मागवल्या तिने?"

"साडेसात इंचांच्या. पाच फेरे आले होते."

तो खुर्ची ओढून बसला आणि माझ्या हातातलं पेन घेतलं. "साडेसात कशा येतील? फेऱ्याला किती धरले?"

"पन्नास."

"पन्नास बाजारातल्या सळईचे. ही मी केलेली आहे, जुनी सळई कापून. मध्ये पाव इंची बोल्ट घातलाय, बारीक आट्यांचा. इंचाला अठ्ठावीस. एक फेरा म्हणजे छत्तीस थाऊ."

"हे सळईवर का नाही लिहिलंस?"

"मला माहीत होतं ना!" म्हणाला, आणि टेबलावरचा नॅपकिन ओढून घेतला.

त्यावर त्याने गुणाकार केला. पाच फेऱ्यांचे एकशे ऐंशी. म्हणजे तिच्या सळ्या सत्तर थाऊ लांब. दट्ट्याला पन्नासऐवजी एकशे वीसचा दाब.

"तळाला टेकणार," तो म्हणाला. "तेल भरलं की व्हॉल्व्ह उघडेच राहणार. वेग घेतला तर पिस्टनवरसुद्धा आदळतील."

"मग तिला फोन कर."

"बोल्ट आवळतानाच कळलं असेल तिला. हुशार आहे."

"नसेल कळलं तर?"

"माझी बोटं नकोत म्हणाली ती." एवढं बोलून तो झोपायला गेला. पलंग अजून कुरकुरतोय. तो कुशी बदलतोय.

मला तिचीच भीती वाटते. गावात कोणी 'व्हर्लिनची पोरगी' म्हटलं की तिचा जबडा आवळतो. हे एक इंजिन तिला सगळं स्वतःच्या हाताने करायचं होतं. उद्या पहिल्यांदा चालू करायचं आणि शनिवारी पहिली शर्यत. अशा वेळी मी फोन करून सांगायचं की डॅडने चूक काढली? ती फोन ठेवेल. हट्टाने पहाटे किल्ली फिरवेल. या विचारात मी तासभर घालवला.

पण मघापासून मला ती नऊ वर्षांची मुलगी दिसतेय, मुठीत स्प्रिंग धरून ताटासमोर बसलेली. उरलेल्या स्प्रिंगचा तिला राग आला नव्हता. ती लपवायचंही तिच्या मनात आलं नव्हतं. ती जागेवर बसेपर्यंत तिला जेवण जाणार नव्हतं, एवढंच. आणि मार्चमध्ये ती बापाला म्हणाली होती, आकडा हवाय. आता आकडा आहे. माझ्यासमोर नॅपकिनवर, तिच्या बापाच्या अक्षरात.

चूक कोणाची हे शनिवारनंतरही ठरवता येईल. खणातून सळई मी काढली, न विचारता. तेवढं आधी सांगते, मग छत्तीस सांगते. ती म्हणाली, "मॉम, हे डॅडने सांगितलं का?" तर हो म्हणेन. फोन ठेवला तर परत लावेन. आणि तिसऱ्यांदाही नाही उचलला, तर गाडीची किल्ली दाराजवळच टांगलेली आहे.

नॅपकिन सरळ करून ठेवलाय. तिचा नंबर लावते.