घोडेस्वाराचे मालक

माझ्याकडे एक रोमन नाणं होतं. चांदीचं, अंगठ्याच्या नखाएवढं. एका बाजूला कुणा बादशहाचं डोकं, दुसऱ्या बाजूला दौडणारा घोडेस्वार. कपाटात, चष्म्याच्या जुन्या डबीत ते पडून असायचं. बायकोलाही मी ते कधी धड दाखवलं नव्हतं.

मंडीदीपच्या कारखान्यातली नोकरी यंदा सोडली आणि हाताशी वेळ आला. तेव्हा जुन्या भोपाळात नाणी जमवणाऱ्या एका गृहस्थांकडे ते घेऊन गेलो. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं.

“मिला कहाँ से?”

“घर का है. पिताजी के पास था.”

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. घोड्याच्या पायांमध्ये, अक्षरांच्या खोबणीत पिवळं काहीतरी घट्ट बसलं होतं.

“हल्दी है, भाईसाहब. ये सिक्का तिजोरी में नहीं, पूजा में रहा है. पहले इसके मालिकों का पता लगाइए, फिर बैठेंगे.”

पत्ता मला ठाऊकच होता. तुलसी नगरातलं सरकारी क्वार्टर, काकूचा देव्हारा.

आमच्याकडे कुलदैवतांचे टाक असतात, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले छोटे देव. हे नाणंही पणजीच्या काळापासून खंडोबाचा टाक म्हणून त्यांच्यात बसलेलं. घोडा आहे, स्वार आहे, आणखी काय हवं? पाठीमागचं डोकं कुणाचं, असं मी लहानपणी काकूला विचारलं होतं. “असेल कुणी भक्त,” ती म्हणाली. भाऊ वेगळे झाले तेव्हा बाबांनी हा टाक घेतला नाही. “ह्याच्याजवळ म्हाळसा कुठाय?” म्हणाले आणि नवा करून घेतला. जुना धाकट्या भावाकडे, म्हणजे काकांकडे आला. काका सचिवालयात कारकून होते. काकू दर रविवारी त्याला आंघोळ घालून भंडारा वाहायची. भंडारा म्हणजे हळदच.

पंचविशीत मला नाण्यांचा नाद लागला. लायब्ररीतल्या एका पुस्तकात तसाच घोडेस्वार दिसला आणि मी गप्प बसलो. पुढे काका रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. “देव तू बांध,” काकू मला म्हणाली, “तुझा हात हलका आहे.” तोवर मी चौकातल्या सोनाराकडून तेवढाच एक घोडेस्वार, मागच्या डोक्यासकट, करून आणला होता. तो गाठोड्यात गेला. जुना माझ्या खिशात.

शाहपुऱ्याच्या नव्या घरात काकूनं गाठोडं सोडलं. “अगंबाई, हा इतका लख्ख कसा?”

“चिंचेनं घासला.”

“बघा,” ती काकांना म्हणाली, “तुम्हाला जन्मात जमलं नाही ते.”

मग प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक लग्नात तेच: ह्या पोरानं माझा देव उजळवला. दर चंपाषष्ठीला तिच्या हातच्या वांग्याच्या भरताबरोबर ते कौतुकही मी गिळत आलो. काका शेवटचे आजारी होते तेव्हा ती तासन् तास त्या सोनाराच्या घोड्यापुढे बसलेली असायची. मी औषधं आणून देत होतो. तेव्हाही बोललो नाही.

दिवाळी झाल्यावर शाहपुऱ्याला गेलो. काकू आता ऐंशीच्या घरात आहे.

“काकू, तुझा खंडोबा आला कुठून गं?”

“सासूबाईंकडून. त्यांना त्यांच्या सासूनं दिला. आणि तिला म्हणे एका कुंभारणीनं. चिखल तुडवताना पायाला लागला. देव पायाखाली आला म्हणून घाबरली बिचारी, आणून दिला.”

“आणि तिच्या आधी?”

“आधी कुणाचा असणार? मातीतून आला तो. काय रे, पोलिसात लागलास का?”

मी डबी उघडून तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला. तिनं नाणं उचललं, घोड्यावरून बोट फिरवलं. तिच्या बोटाला ते ओळखीचं होतं, ते मला दिसलं.

“मग यांच्या आजारात मी कुणापुढे बसले होते?”

“सोनाराकडच्या घोड्यापुढे,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

नाणं मुठीत धरून तिनं विचारलं, “आणि हा कुठे होता?”

“ह्या डबीत.”

“उपाशी?”

“हो.”

ती भिंतीला धरून उठली. नाण्याला ताम्हनात आंघोळ घातली, भंडारा वाहिला, वाटीत साखर ठेवली. मग सोनाराचा टाक देव्हाऱ्यातून काढून लाल फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

“ह्यानंही माझं खूप ऐकलंय. दर रविवारी आंघोळ घालायची. चिंच लावायची नाही.”

त्या दिवशी तिनं मला जेवून जा म्हटलं नाही.

नाणीवाल्या गृहस्थांना फोन करून मालक सांगितले: कुंभारीण, पणजी, आजी, काकू.

“और आप?”

“बीच में मेरे पास रहा. चुराया था.”

“अब कहाँ है?”

“पूजा में.”

घरी बायकोला सांगायला मात्र दोन रविवार गेले. टाक रोज समोर होता, तरी.

चंपाषष्ठी जवळ आली आहे. दरवर्षी आधी काकूचा फोन येतो, कारण भरताची वांगी मी नेतो. यंदा अजून आलेला नाही. वांगी आणून ठेवली आहेत.