काकाने धुतलेला डाग

बाबांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. "दादा गेला गं," एवढंच म्हणाले. समोरचं पुस्तक मी बंद केलं, पुन्हा उघडलं... त्याला आता दीड महिना झाला. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून बाबांच्या या दादावर, माझ्या मोहनकाकावर, मीच लिहावं असं सगळ्यांनी ठरवलं. जमेल की नाही, माहीत नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी असं वाटतं.

मोहनकाका ड्रेसमन होता. गोरेगावच्या स्टुडिओत नटनट्यांचे कपडे सांभाळणं, इस्त्री करणं, वेळेवर हातात देणं, हे त्याचं पस्तीस वर्षांचं काम. एखादा प्रसंग आज अर्धा आणि उद्या अर्धा चित्रित व्हायचा असेल, तर दुसऱ्या दिवशी कपडे अगदी कालच्यासारखे दिसायला हवेत. चुरगळलेली बाही चुरगळलेलीच, तुटलेलं बटण तुटलेलंच. याला ते लोक कंटिन्यूटी म्हणतात. काका यात इतका पक्का, की आई त्याला चिडवायची, "भाऊजी, साडीवर आमटी सांडलीये. धुऊ, की उद्यापर्यंत ठेवू?"

मरोळच्या आमच्याच चाळीत तेव्हा एक मुलगी राहायची. तिचं नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखाल. काका तिला शालू म्हणायचा. नाचणाऱ्या घोळक्यात मागे उभं राहण्याचं काम तिला त्यानेच मिळवून दिलं होतं. दोघांचं लग्नही ठरलं होतं. मग तिला एकदम नायिकेचं काम मिळालं आणि निर्मात्याने बजावलं, की सिनेमा लागेपर्यंत लग्नाचं कुठे बोलायचं नाही. दोघांनी ऐकलं. सेटवर काका तिला मॅडम म्हणू लागला. सवयीने एकदा तिच्या घरी, तिच्या आईसमोरही त्याच्या तोंडून मॅडम गेलं, तेव्हा ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पुढचं काकाने मला गेल्या वर्षी इस्त्री करता करता सांगितलं. त्या सिनेमात तिला जिन्यावरून पडायचं होतं. ती खरंच पडली. कोपर फुटलं आणि पांढऱ्या ब्लाउजच्या बाहीवर रक्त आलं. दिग्दर्शक खूश झाला, कारण दृश्य खरं वाटत होतं. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी घ्यायचा ठरला. पॅकअप झाल्यावर ब्लाउज काकाच्या हातात आला... आणि त्याने तो थंड पाण्यात, साबण लावून, स्वच्छ धुतला.

"तिचं रक्त होतं ना गं," काका म्हणाला. "बघवेना. कंटिन्यूटी आठवलीच नाही."

दुसऱ्या दिवशी सगळ्या युनिटसमोर दिग्दर्शकाने विचारलं, हे कोणी केलं आणि का. कोणी, ते काकाने सांगितलं. का, ते सांगता येईना. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती आरशात बघत राहिली. चूक झाली साहेब, असं काका म्हणाला आणि दुपारपर्यंत त्याचं काम गेलं. संध्याकाळी ती रडत काकाच्या खोलीत आली, तू खरं का सांगितलं नाहीस म्हणून विचारू लागली. काका म्हणाला, "ते तू सांगायला हवं होतंस, शालू. मी बोललो असतो तर तुझी वाट लागली असती."

भांडण असं झालंच नाही. ठरलेलं लग्न मात्र तसंच राहून गेलं आणि ती मोठी नटी होत गेली. काका दुसऱ्या सिनेमांवर काम करत राहिला, तिच्या सिनेमावर कधीच नाही. लग्नही केलं नाही.

मला वाटायचं, तो मनातून कडवट असेल. तसं नव्हतं. तिचा तो सिनेमा टीव्हीवर लागला की तो आवाज मोठा करायचा आणि ती पडते तिथे म्हणायचा, "हे खोटं पडणं नाही हां." एकदा एका चॅनेलचा माणूस तिच्या जुन्या दिवसांबद्दल विचारायला घरी आला. काकाने त्याला चहा पाजला आणि रेशमावरचे डाग कसे काढायचे ते अर्धा तास समजावलं. बिचारा वही मिटून निघून गेला. तेव्हा मला हसू आलं होतं. आता त्या अर्ध्या तासाचा फार अभिमान वाटतो.

तेराव्याला ती चाळीत, काकाच्या खोलीवर आली. साधी सुती साडी, सोबत कोणी नाही. दाराजवळ, शेजारणींच्या मागे बसली. ओळखलं सगळ्यांनी, बोललं कोणीच नाही. माझ्या आत्याने, म्हणजे काकाच्या बहिणीने, तीस वर्षांत तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. शेवटी चाळीत नव्याने आलेल्या एका शेजारणीने तिला हळूच विचारलं, मोहनदादा तुमच्याकडे कामाला होते ना?

"नाही," ती म्हणाली. आवाज सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा होता. "आमचं लग्न ठरलं होतं."

आत्या थोडी सरकली.

"मग तिथे काय बसलीस? इकडे ये."

ती उठली आणि घरच्या बायकांत, आई आणि आत्याच्या मधे, भिंतीला टेकून बसली. काकाच्या त्या खोलीत आता मी अभ्यास करते. कोणी भेटायला आलं की आई भिंतीकडची ती जागा दाखवते आणि तिचं सिनेमातलं नाव सांगते. मी मनातल्या मनात काकी म्हणते.