शेवटच्या पानाचे खिळे

पुस्तकासाठी नाव नोंदवायला कुणी आलं की काका वही उघडत नसत. छापून झालेलं एक पान, म्हणजे दोऱ्यानं बांधलेले शिशाचे, एकेका अक्षराचे खिळे, त्याच्या पुढ्यात ठेवत आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "आधी खिळे घरी पोचवा."

घर म्हणजे लाकडी पेटीतला त्या त्या अक्षराचा खण. रविवार कारंज्यामागच्या त्यांच्या छापखान्यात लग्नपत्रिका पोटासाठी निघत आणि वर्षाला जुन्या कवितेचं एक पुस्तक जिवासाठी. हातकागदावर, मोजून शंभर प्रती. "एकशेएकाव्याला चहा मिळेल," म्हणायचे. खिळे मात्र जेमतेम एका पानापुरते. छापलेलं पान मोडल्याशिवाय पुढचं जुळायचं नाही, म्हणून गिऱ्हाइकंच कामाला. डॉक्टर काय, शाळेतल्या बाई काय, निमूट खिळे टाकत बसत. तुम्हीही बसला असतात.

मी गेलो होतो मशीनचा रूळ बसवायला. मी कामाला होतो ती अंबडची कंपनी बंद पडली होती आणि घरात बसलेला फिटर कुणालाच नको असतो. मलाही पान मिळालं. गप्पांच्या नादात मी निम्मे खिळे भलत्याच खणांत टाकले. दुसऱ्या दिवशी जे प्रूफ निघालं ते कुठल्याच भाषेत नव्हतं.

वाटलं, आता हाकलतात. काकांनी अख्खी पेटी वर्तमानपत्रावर उपडी केली. चार दिवस आम्ही समोरासमोर बसून एकेक खिळा निवडला. काकू चहा देत होत्या. पाचव्या दिवशी म्हणाले, "चला, तुम्हाला सगळी घरं पाठ झाली. उद्यापासून या."

नोकरी गेल्यावर मला 'उद्या या' म्हणणारा हा पहिला माणूस. त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

यंदाच्या पुस्तकाचं शेवटचं पान जुळवून काका दवाखान्यात गेले, ते परत आले नाहीत. शंभर कागद मी छापले. पान मात्र मोडवेना. त्यांच्या हातचं होतं. दोरा बांधून खिडकीत ठेवलं. पेटीतले खण रिकामे, म्हणजे पुढचं पुस्तक नाही, हे काकूंना आणि मला, दोघांनाही कळत होतं.

मग त्या शाळेतल्या बाई आल्या. आपली प्रत कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "पुढच्या पुस्तकाला माझं नाव घ्या."

मी वही शोधायला लागलो. काकूंनी खिडकीतलं पान दोन्ही हातांनी उचललं आणि बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"आधी खिळे घरी पोचवा."

गाठ मी फार घट्ट मारली होती. सोडायला वेळ लागला.