मामाजींची बंद काचांची गाडी

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, गाडीत बसले की पहिला हुकूम सोडायचे, “काचा वर!” मग ती जुनी गाडी गार हवा देवो की भट्टीची, काच खाली करायची कोणाची बिशाद नव्हती. सासूबाईंना दमा होता. धानाचा भुसा आणि रस्त्याची धूळ छातीत गेली की त्यांचा जीव कासावीस होई. त्यांना सौंदडच्या घराबाहेर नेता यावं म्हणूनच मामाजींनी ही एसीची गाडी घेतली होती. एसी बिघडला की सासूबाई घरातच.

आणि तो सदान्‌कदा बिघडायचा. गोंदियाचा मेकॅनिक म्हणायचा, “गॅस फुल है चाचाजी, हवा ही नहीं आ रही.” मामाजींचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. ते देवापुढची उदबत्ती उचलत, काचा लावून गाडीत बसत आणि हवेच्या एकेका जाळीसमोर ती धरत. “हवा कुठं अडून राहिली, धूर सांगते,” म्हणत. एकदा पंख्याचा डबा उघडला, तर आत उंदरांनी नेलेलं धान आणि एसीच्या पाण्यावर त्याला फुटलेले हिरवे कोंब! धानाच्या कोठीत गाडी ठेवल्यावर दुसरं काय होणार? “परे तं आले, सूनबाई. रोवणी तेवढी राहिली,” म्हणून स्वतःच हसले. परे म्हणजे धानाच्या लावणीची रोपं.

पण ते साफ करताना गरम-गार हवेची आतली झडप त्यांच्याच हातून मोडली.

त्याच वर्षी मे महिन्यात सासूबाईंना बोदलकसाला जायचं होतं. तिथं त्यांची बहीण अंथरुणाला खिळलेली, वाट पाहत होती. मामाजींनी झडप तारेनं बांधली आणि आम्ही तिघं निघालो. गोरेगाव ओलांडलं आणि तार सुटली, झडप गरम हवेकडे पडली. पंखा चालू ठेवला तर भाजत होतं, बंद केला तर कोंडत होतं. मामाजी बटण पिळत म्हणत होते, “आत्ता होते, आत्ता होते.” मला घुसमटायला झालं, आणि त्यांचा रागही आला. माणसाला मायेनं इतकं कोंडायचं?

मागे बसलेल्या सासूबाईंनी नाकाला पदर लावला आणि हँडल फिरवून काच खाली केली.

“काऊन उघडली?” मामाजी ओरडले.

“मले हवा पाहिजे. खोकलीन, पण बाहेर पाहत जाईन.”

खोकल्या, फार खोकल्या. पण बोदलकसाच्या तलावाचं पाणी दिसेपर्यंत काच वर केली नाही. बहिणीची भेट झाली.

त्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. तेरवी आटोपल्यावर मामाजींनी मला विचारलं, “इतके वर्षं गुदमरली, तं सांगितलं काऊन नाही तिनं?”

मी तेरवीची भांडी आवरायला घेतली. बोदलकसाला बहिणीच्या अंगणात त्या दिवशी मीही सासूबाईंना हेच विचारलं होतं. पाण्याचा पेला खाली ठेवत त्या म्हणाल्या होत्या, “माझ्यासाठी एवढा जीव टाकून राहिला हा माणूस. काच उघडून त्याले बिनकामाचा कायले करू?”