तुरीतला लपंडाव

माझी धाकटी बहीण ड्रोन उडवते, हे मी अमरावतीच्या बाररूममध्ये पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एकाही वकिलानं विश्वास ठेवला नाही. त्यांचं चुकलं नाही, मीही आधी ठेवला नव्हता. दर्यापूरकडच्या खेड्यात दिलेली, दहावीच्या गणितात दोनदा अडकलेली बाई अकोल्याला प्रशिक्षणाला जाऊन राहते काय आणि परत येऊन गावभराच्या तुरीवर यंत्रानं औषध फवारते काय! मी तिला चिडवायचो की लहानपणी तुला साधा पतंग उडवता येत नव्हता. ती म्हणायची, "उडवायले तू देतच नव्हता, दादा. चकरी धरायले मी अन् उडवायले तू."

खरं सांगायचं तर मला तिचा फार अभिमान वाटायचा. पाठीवर पंप बांधून औषधाच्या वासात दिवसभर चालणारी, संध्याकाळी डोकं धरून बसणारी माणसं मी त्या शिवारात पाहिली आहेत. आता ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहते, गळ्यात रिमोट अडकवलेला, त्यावरच्या पडद्यावर नजर, आणि यंत्र तुरीवरून ओळीनं जातं. तो सगळा खाऱ्या पाण्याचा पट्टा. औषध कालवायला विहिरीचं पाणी चालत नाही, म्हणून शेततळ्याचं पाणी ड्रमात भरून नेते. म्हाताऱ्या बायासुद्धा तिला "ड्रोनवाली बाई" म्हणतात आणि चहाला थांबवतात.

तिचा एकुलता एक मुलगा फौजेत आहे. गेल्या हिवाळ्यात सीमेवर वातावरण तापलेलं होतं आणि तो अगदी पुढच्या चौकीवर होता. माझ्या डोक्यातली लढाई जुनी होती. समोर शत्रू, हातात बंदूक, मध्ये खंदक. मी बहिणीला धीर द्यायचो तोही त्याच हिशेबानं, की पोरगा चपळ आहे, नेम चांगला आहे, काळजी करू नको.

मग एका सकाळी त्यानं आईला फोन केला आणि ख्यालीखुशाली झाल्यावर विचारलं, "माय, तुह्या ड्रोनची बॅटरी किती वेळ पुरते वं?"

तिनं सांगितलं. त्यानं पुढे विचारलं, जोराचा वारा असला तर तो कसा वागतो, झाडाखालचं दिसतं काय, आवाज आधी येतो की तो आधी दिसतो. ती हौसेनं सांगत गेली. आईच्या नव्या हुन्नराची पोराला किंमत आहे, असंच तिला वाटलं. शेवटी तिनं विचारलं, "कायले विचारून राहिला?"

तो म्हणाला, "आता बंदूक घेऊन कोणी येत नाई, माय. आवाज येते, अन् मंग तो येते."

त्या दिवशी तिनं दुसऱ्याच्या शेतात सुरू असलेली फवारणी अर्ध्यावर सोडली. शेंगा पोखरणाऱ्या अळीचे ऐन दिवस, लोक बोलावायला येत होते आणि ही पडवीत बसलेली. पूर्वी गावचा लोहार एकाच भात्यावर विळा करायचा आणि तलवारही, त्यात नवल नव्हतं. पण विळा आईच्या हातात आणि तलवार पोराच्या डोक्यावर, हे तिला सोसेना. मला फोन आला, "दादा, रविवारी ये. तुह्याशी काम हाय."

मला वाटलं, काही सातबाऱ्याची भानगड असेल. फाइल घेऊन गेलो. काम असं निघालं की मी शेतात लपायचं आणि तिनं मला ड्रोननं शोधायचं. कुठं लपलेला माणूस त्या पडद्यावर दिसत नाही, ते तिला पाहायचं होतं. तिच्या नवऱ्याला, आमच्या जावईबापूंना, तिनं आधी विचारलं होतं, पण ते आठवडाभर टीव्हीसमोरून उठले नव्हते. बातम्या पाहणं थांबवलं तर पोराचं काहीतरी होईल, अशी त्यांची समजूत झाली होती.

"अवं बाई, मी साठीला आलो," मी म्हटलं. "माझे गुडघे बघ."

"गुडघे दुखतेत म्हणूनच तुले म्हणून राहिली. तू सापडला नाई तर माहा पोट्टा तर सापडनारच नाई."

मी फाइल पडवीत ठेवली. भर दुपारी मी कोर्टाच्या पांढऱ्या शर्टात तुरीत शिरलो.

तूर डोक्याच्या वर गेलेली होती. तुरीत वाघ बसला तरी दिसायचा नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि तुरीतच लपंडाव खेळलो. मी निवांत मांडी घालून बसलो. औषधाची टाकी रिकामी होती, तरी यंत्र डोक्यावर आलं तेव्हा पंख्यांच्या वाऱ्यानं तूर दोन्ही बाजूंना लवली आणि मधोमध मी, भांग पाडल्यासारखा उघडा. मला हसू आलं. ती धुऱ्यावरून ओरडली, "दिसला! दुसरीकडं लप!"

मग मी माझी अक्कल लढवली. शेजारी कापूस फुटलेला होता. पांढऱ्यात पांढरं, काळ्यात काळं. शर्ट कपाशीत आणि काळी पँट काळ्या मातीत, अशा बेतानं मी दोन ओळींमध्ये पालथा पडलो. वकिली डोकं होतं ते. एका मिनिटात यंत्र वर येऊन थांबलं. कसं ओळखलं विचारलं तर म्हणाली, "तू नाई दिसला. ओळ मोडलेली दिसली. मी काय कपाशी आज पाहून राहिली काय?" हे मात्र तिनं कागदावर लिहून घेतलं. ओळ मोडायची नाही.

तिसऱ्या वेळी मी नाल्यात उतरलो आणि काठच्या बाभळीखाली अंग चोरून बसलो. यंत्र वरून गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. काटे होते म्हणून खाली येईना. मी वाट पाहत राहिलो. गुडघा ठणकायला लागला. कानाशी चिलटं. आवाज लांब गेला, आणखी लांब गेला, मग थांबलाच. बॅटरी संपली असणार, असं म्हणून मी बाहेर पडलो आणि धुऱ्याकडे निघालो. मध्ये नांगरून ठेवलेलं मोकळं वावर होतं, हिरवं एक पान नाही. त्याच्या मध्यावर आलो आणि आवाज परत आला.

मी माझ्या बहिणीच्या शेतात होतो. यंत्र कोण उडवत होतं, ते मला ठाऊक होतं. तरी मी पळालो. ढेकळांत पाय मुरगळला, पडलो, उताणा झालो, आणि ते बरोबर माझ्या तोंडावर येऊन थांबलं. त्याला तोंड नव्हतं, डोळा म्हणावा असं एक भिंग तेवढं होतं. त्याला सांगायचं काय आणि कसं? मी हात जोडले. ठरवून नाही. ते आपोआप जोडले गेले.

यंत्र बाजूला सरकलं, जरा दूर नीट उतरलं आणि पंखे थांबले. बहीण रिमोट गळ्यात तसाच ठेवून ढेकळांतून धावत आली. रडत होती. "दादा, हात काहून जोडले रे तू? मले कायले हात जोडले?" मी तिला हसवायचा प्रयत्न केला. म्हटलं, जन्मभर न्यायाधीशांसमोर जोडले, सवय आहे. ती हसली नाही. तिथंच ढेकळांत बसून ती माझा मुरगळलेला पाय चोळू लागली. मला तिची कीव आली आणि माझी लाज वाटली. नंतर वाटलं, लाज कसली, भीती होती ती आणि ती खरी होती.

संध्याकाळी दिवेलागणीला पोराचा फोन आला. बहिणीनं कागद समोर धरून सगळं वाचून दाखवलं. ओळ मोडू नको. दाट काट्याच्या झाडाखाली बैस. आवाज गेला तरी बाहेर निघू नको, तो वापस येते. पोरगा शहाण्यासारखा हो हो करत होता. त्याला हे सगळं आधीच माहीत असणार, हे मला त्याच्या आवाजावरून कळत होतं.

मग तिनं विचारलं, "तुमच्याकडूनबी उडते ना रे?"

"उडते."

"कोन उडवते?"

"मी शिकलो, माय. मागच्या महिन्यापासून मीच उडवतो."

"खालच्यानं हात जोडले तर तुले दिसते?"

"दिसते. चश्मा हाय का नाई, तेबी दिसते."

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि पदरानं तोंड पुसत चुलीकडे वळली. पोरगा म्हणाला, "मामा, माय असं काहून विचारून राहिली?" मी त्याला दुपारची गोष्ट सांगितली, पाय मुरगळल्याचं जरा रंगवूनच सांगितलं, म्हणजे तो हसेल. तो हसला नाही.

"तुमी खरंच हात जोडले?"

"जोडले."

"अन् मायनं काय केलं?"

"काय करणार? बाजूला घेतला, खाली उतरवला आणि धावत आली."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "आमचा उतरत नाई, मामा. एकदा गेला का गेला, जाऊन फुटतेच. वापस आनता येत नाई."

चुलीपासून बहीण विचारत होती, "काय म्हन्ते पोट्टा?"

"जेवलो म्हणतो," मी म्हटलं.